नक्षल प्रश्न: बंदूक की बोलणी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली जिल्ह्यात शिकवत होते तेव्हापासून हे प्रश्न मला येत आहेत. पुढे बाहेरगावी या विषयावर बोलायला जाऊ लागले, तिथेही फारसं वेगळं कोणी विचारत नाही. पुण्याचा विद्यार्थी विचारतो, नागपूरचे निवृत्त फौजदार विचारतात, आरमोरीकडची अंगणवाडीताईही विचारते. दर वेळी वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढलं. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझं मत जिथे आहे तिथे ते उघड मांडलं आहे.

१. नक्षलवादी, माओवादी, दादालोक हे सगळे एकच का?

आजच्या बोलण्यात हो. 'नक्षल' हे नाव पश्चिम बंगालमधल्या दार्जिलिंग जिल्ह्यातल्या नक्षलबाडीवरून आलं. १९६७ साली तिथे कुळांनी जमिनीसाठी उठाव केला. २५ मे रोजी प्रसादुजोत इथे पोलीस गोळीबारात ११ जण गेले, त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं होती. चारू मजुमदार, कानू सन्याल, जंगल संथाल ही त्या पिढीची माणसं. पुढे चळवळीचे अनेक तुकडे झाले. आंध्रात १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांनी 'पीपल्स वॉर' हा गट काढला. २००४ मध्ये तो आणि बिहार-झारखंडातला माओवादी गट एमसीसी एकत्र येऊन भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) झाला. आज वर्तमानपत्रं ज्यांना नक्षली म्हणतात ते बहुतेक या पक्षाचे. गडचिरोलीच्या गावांत 'दादालोक' किंवा 'जंगलवाले' म्हणतात. नाव घ्यायची भीती असते तेव्हा नुसतं 'ते' म्हणतात.

२. ते गडचिरोलीत आले कसे? आदिवासींनी त्यांना थारा का दिला?

१९८० मध्ये पीपल्स वॉरच्या तुकड्या गोदावरी ओलांडून आल्या. तेव्हा गडचिरोली हा जिल्हाच नव्हता. चंद्रपुरातून तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. आलेल्यांपैकी पेद्दी शंकर १९८० च्याच नोव्हेंबरात सिरोंचा भागात मोयाबिनपेठा इथे पोलीस गोळीबारात मारला गेला.

थारा का मिळाला याचं उत्तर तेंदूपत्त्यात आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर अख्खं घर पहाटे जंगलात जायचं, पानं तोडून पुडे बांधायचं आणि फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, मोजून द्यायचं. भाव ठेकेदार ठरवायचा. पुडा बारीक आहे, पान फाटलं आहे, अशी कारणं काढून पैसे कापायचा. बांबू तोडणीची मजुरीही तशीच. त्यात जंगल खात्याचा माणूस आला की कोंबडा घेऊन जायचा. दादालोकांनी ठेकेदाराला दम दिला आणि भाव वाढला. शेकडो वर्षं राहत्या जागेवर ज्यांना अतिक्रमणदार म्हटलं जात होतं, त्यांच्या बाजूने पहिल्यांदा कोणीतरी उभं राहिलं होतं. हे नाकारून पुढची चर्चा करता येत नाही. पुढे तेच दलम (त्यांची सशस्त्र तुकडी) ठेकेदाराकडून खंडणी घेऊ लागलं आणि मजुराच्या भाववाढीला तिथेच मर्यादा पडली, हेही तितकंच खरं आहे.

३. सरकार सरळ सैन्य का उतरवत नाही?

एकदा उतरवलं होतं. १९७१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये 'स्टीपलचेस' या मोहिमेत पश्चिम बंगाल आणि लगतच्या बिहार-ओडिशात लष्कर, केंद्रीय दल आणि पोलीस एकत्र वापरले होते. नंतर मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारने नक्षलवाद्यांविरुद्ध पायदळ वापरलं नाही. वायुदलाची हेलिकॉप्टरं जखमींना आणायला आणि जवानांची ने-आण करायला वापरली जातात.

कारण साधं आहे. लष्कराचं प्रशिक्षण शत्रूचा मोर्चा मोडण्याचं असतं. इथे 'शत्रू' संध्याकाळी त्याच घरात भात खातो जिथली बहीण पोलीस भरतीची तयारी करत असते. कायद्यानेही हा सुव्यवस्थेचा, म्हणजे मुळात राज्याच्या पोलिसांचा विषय आहे. म्हणून या लेखात 'बळ' म्हणजे पोलीस आणि केंद्रीय राखीव दलं असं समजावं.

४. सी-६० म्हणजे काय? ते इतके परिणामकारक का ठरले?

१९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी ६० जवानांची एक खास तुकडी उभी केली, त्यावरून हे नाव पडलं. यातली पोरं बहुतेक याच जिल्ह्यातली. गोंडी, माडिया बोलणारी, नाल्याची वाट डोळे मिटून सांगणारी. बाहेरून आलेला जवान वर्षभरात जे शिकतो ते यांना लहानपणापासून येतं.

किंमतही त्यांनीच मोजली. २००९ या एका वर्षात मरकेगावला १५, हत्तीगोटाला १६ (त्यांत ५ महिला शिपाई) आणि लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. या जिल्ह्यातल्या वर्गात बसून 'बळाचा वापर' असा शब्द मी उच्चारते, तेव्हा समोरच्या बाकावर बऱ्याचदा अशा एखाद्या घरातलं लेकरू असतं. ते आठवूनच लिहिते आहे.

५. मग बळाने खरोखर काम झालं का?

झालं. गृह मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये या हिंसेत नागरिक आणि जवान मिळून १,००५ जणांचे जीव गेले. २०२४ मध्ये हा आकडा १५० वर आला. प्रभावित जिल्हे २०१८ च्या फेररचनेआधी १२६ होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये ११ राहिले. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोलीतल्या मर्दिनटोल्याच्या जंगलात माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडेसह २६ जण मारले गेले. २१ मे २०२५ रोजी छत्तीसगडच्या अबूझमाडमध्ये पक्षाचा सरचिटणीस नंबाला केशव राव ऊर्फ बसवराजू मारला गेला. पक्षाचा सरचिटणीस चकमकीत पडल्याची ही या लढ्यातली पहिलीच वेळ. केंद्राने नक्षलवाद संपवायला ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली, ती या बळावरच.

'बळाने कधीच काही साध्य होत नाही' असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे आकडे दाखवते. ज्या रस्त्यावर एसटी जात नव्हती तिथे ती जाऊ लागली, हे त्या गावच्या बाळंतिणीसाठी लहान काम नाही. बळाने काय साध्य झालं नाही, ते प्रश्न १४ आणि १७ मध्ये आहे.

६. सरकारने नक्षलवाद्यांशी समोरासमोर बसून कधी चर्चा केली आहे का?

एकदाच, आंध्र प्रदेशात. ही गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून सविस्तर सांगते.

१९९७ पासून हैदराबादेत 'कन्सर्न्ड सिटिझन्स' या नावाची नागरिकांची समिती दोन्ही बाजूंना पत्रं लिहीत होती. तिचे निमंत्रक एस. आर. शंकरन, निवृत्त सनदी अधिकारी. डिसेंबर १९८७ मध्ये गुर्तेडू इथे नक्षलवाद्यांनी ज्या अधिकाऱ्यांना पळवून ओलीस ठेवलं होतं, त्यांत स्वतः शंकरन होते. त्यांनी पुढे सूड मागितला नाही, दोघांनाही माणसं मारणं थांबवा म्हणून वर्षानुवर्षं विनवलं. चर्चेची जमीन अशी तयार झाली.

मे २००४ मध्ये वाय. एस. राजशेखर रेड्डी मुख्यमंत्री झाले. पीपल्स वॉरवरच्या बंदीची मुदत वाढवली नाही, गोळीबार थांबला. १५ ते १८ ऑक्टोबर २००४ असे चार दिवस हैदराबादच्या मंजीरा अतिथिगृहात बैठक झाली. सरकारकडून गृहमंत्री जाना रेड्डी, समोर माओवाद्यांकडून रामकृष्ण आणि जनशक्ती गटाकडून अमर. नल्लमल्लाच्या जंगलातून हे लोक बाहेर आले तेव्हा गावोगाव बघ्यांची गर्दी लोटली होती. टेबलावर मुख्य विषय होते जमीनवाटप आणि हत्यारं घेऊन गावात फिरण्याचा मुद्दा.

७. ती चर्चा फसली कशामुळे? दोष कोणाचा?

दोघांचाही, आणि दोष सारख्या मापाचे नाहीत असं मला वाटतं.

सरकारचं म्हणणं होतं, बंदूक घेऊन गावात फिरू नका. माओवाद्यांचं म्हणणं होतं, बंदूक ठेवली तर पोलीस आम्हाला टिपतील. दोन्ही भीती खऱ्या होत्या, कारण शस्त्रबंदी मोडली की नाही हे ठरवणारा तिसरा माणूसच नेमलेला नव्हता. दुसरी फेरी झालीच नाही. जानेवारी २००५ मध्ये पुन्हा चकमकी सुरू झाल्या आणि माओवाद्यांनी बोलणी संपल्याचं जाहीर केलं. १५ ऑगस्ट २००५ रोजी त्यांनी आमदार नरसी रेड्डी यांना स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात ठार केलं, त्यांच्या मुलासकट. दोन दिवसांत बंदी परत आली.

सरकारची चूक अशी की चार दिवसांत जमिनीबद्दल ठोस असं काहीच हातावर ठेवलं नाही. भूमी समिती नेमली ती डिसेंबरात, बैठकीनंतर. माओवाद्यांची चूक यापेक्षा मोठी. मंजीरात बसण्याआधी महिनाभर पीपल्स वॉर आणि एमसीसी यांचं विलीनीकरण होऊन नवा लढाऊ पक्ष झाला होता, आणि त्याची घोषणा झाली बैठकीच्या आदल्या दिवशी. चर्चेला येणारा माणूस नवी फौज जाहीर करून येतो, तेव्हा समोरच्याने काय समजायचं? बोलणी मोडल्यावर 'ग्रेहाउंड्स' या आंध्रच्या खास दलाने त्यांना नल्लमल्लातून हुसकलं आणि भार छत्तीसगड, ओडिशा आणि आपल्या बाजूला सरकला.

८. २०१० मध्येही चर्चा होणार होती ना? तिचं काय झालं?

६ एप्रिल २०१० रोजी छत्तीसगडमधल्या ताडमेटला इथे ७६ जवान मारले गेले होते, देश हादरला होता. तशातही मे महिन्यात गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी सामाजिक कार्यकर्ते स्वामी अग्निवेश यांना पत्र लिहून सुचवलं, माओवाद्यांनी ७२ तास हिंसा थांबवावी, मग बोलू. माओवाद्यांचा प्रवक्ता चेरुकुरी राजकुमार ऊर्फ आझाद याने उत्तरही पाठवलं. जुलैच्या पहिल्या दोन दिवसांत आदिलाबादच्या जंगलात आझाद आणि त्याच्याबरोबरचा पत्रकार हेमचंद्र पांडे मारले गेले. चकमक बनावट असल्याचा आरोप झाला. जानेवारी २०११ मध्ये सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने, प्रजासत्ताकाने आपल्याच मुलांना मारावं हे चालणार नाही, अशा आशयाचं म्हटलं. नंतर सीबीआयने चौकशी करून चकमक खरी असल्याचा निष्कर्ष काढला.

चकमक खरी धरली तरी निरोप्या मेला की निरोप थांबतो. ती चर्चा झालीच नाही.

९. हे मध्यस्थ नक्षलवाद्यांचेच लोक नसतात का?

काही जण त्यांच्या विचारांचे असतात आणि ते लपवत नाहीत. एप्रिल २०१२ मध्ये छत्तीसगडमधल्या सुकम्याचे जिल्हाधिकारी अॅलेक्स पॉल मेनन यांना त्यांचे दोन अंगरक्षक मारून पळवलं, तेव्हा माओवाद्यांनी बी. डी. शर्मा आणि प्रा. हरगोपाल यांची नावं दिली. सरकारने निर्मला बुच आणि एस. के. मिश्रा यांना बसवलं. चौघांनी बोलणी केली आणि ३ मे रोजी जिल्हाधिकारी सुखरूप परतले. दोन्ही बाजूंनी आपल्या विश्वासाचा माणूस द्यावा, हीच मध्यस्थीची जुनी रीत आहे. गावच्या पंचायतीतही असंच असतं.

दुसरं उदाहरण मला फार जवळचं आहे. ३ एप्रिल २०२१ रोजी टेकुलगुडाजवळ २२ जवान मारले गेले आणि राकेश्वरसिंह मनहास हा जवान माओवाद्यांच्या हाती लागला. त्याला ८ एप्रिलला सोडवून आणणाऱ्यांत पुढे होते धरमपाल सैनी. वय नव्वदीपार, विनोबांचे शिष्य. जगदलपूरला त्यांनी मुलींसाठी आश्रमशाळा काढल्या, संस्थेला नाव दिलं विनोबांच्या आईचं, माता रुक्मिणी. त्यांना जंगलात जाता आलं, कारण चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते तिथल्या मुली शिकवत होते.

१०. पक्षावर बंदी आहे. मग 'चर्चा करा' म्हणणं बेकायदेशीर ठरत नाही का?

नाही. भाकप (माओवादी) वर २२ जून २००९ पासून यूएपीए या बेकायदा कृत्यांविरुद्धच्या कायद्याखाली बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर नुसतं सदस्यत्वसुद्धा गुन्हा ठरतं. पैसा, निवारा, निरोप पोहोचवणं हेही गुन्हेच. पण सरकारने बोलणी करावीत असं नागरिकाने म्हणणं हे मत आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक मंजूर केल्यापासून हा प्रश्न भीतीपोटी जास्त येतो. मी तरी हे मत आजवर उघड मांडत आले आहे आणि पुढेही मांडेन. सरकारला बोलायचं असेल तर बंदी आडवी येत नाही, आंध्रने आपल्याकडच्या बंदीची मुदत वाढवली नाही आणि रस्ता मोकळा झाला (प्रश्न ६).

११. मिझोराममध्ये बंडखोर मुख्यमंत्री झाला. मग इथे तसं का जमलं नाही?

मिझोराम हे उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात, आणि दोघेही अर्धंच देतात. १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटने उठाव केला. ५ मार्चला भारतीय वायुदलाने ऐझॉलवर हल्ला केला, स्वतःच्याच देशातल्या शहरावर. मग गावं जाळून लोकांना रस्त्याकडेच्या वसाहतींत कोंबलं. वीस वर्षं गेली. ३० जून १९८६ रोजी करार झाला, लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि १९८७ मध्ये मिझोरामला राज्याचा दर्जा मिळाला. त्यानंतरची शांतता टिकली आहे.

तिथे जमलं याचं कारण मागणी देता येण्याजोगी होती. स्वतंत्र देशाऐवजी स्वतःचं राज्य, यावर तडजोड होते. एक समाज होता, एक नेता होता, आणि चर्चसारखी दोघांचं ऐकणारी संस्था होती. माओवाद्यांना बंदुकीच्या जोरावर दिल्लीची सत्ता हवी आहे. त्यात अर्धं काय द्यायचं? नेपाळच्या माओवाद्यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये बहुपक्षीय राजकारण मान्य केलं आणि वर्षभरात, २१ नोव्हेंबर २००६ ला, शांतता करार झाला. भारतातल्या पक्षाने ते पाऊल टाकलं नाही, उलट नेपाळी साथीदारांना बोल लावला.

१२. गावकऱ्यांनाच हत्यारं देऊन त्यांचं रक्षण त्यांनाच करू द्यावं, हा मार्ग कसा?

हा प्रयोग छत्तीसगडच्या बस्तरमध्ये झाला आणि तो परत होऊ नये. २००५ मध्ये सरकारच्या पाठिंब्याने सलवा जुडूम ही नक्षलविरोधी मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं रिकामी करून छावण्यांत नेली, न गेलेल्यांना नक्षली ठरवलं, शाळकरी वयाच्या पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका दिल्या. भाऊ भावावर उठला. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. जुडूमचे नेते महेंद्र कर्मा २५ मे २०१३ रोजी झिरम घाटीत मारले गेले. त्या काळात अनेक कुटुंबं गोदावरीपलीकडे तेलंगणात पळून गेली ती परत आलीच नाहीत. महाराष्ट्राने जुडूम उभं केलं नाही, हे आपल्या राज्याचं शहाणपण. सी-६० (प्रश्न ४) हे भरती झालेले, पगारी, न्यायालयाला उत्तर देणारे पोलीस आहेत. हा फरक मोठा आहे.

१३. चकमकीत निष्पाप मारले जातात असं म्हणतात. पुरावा आहे का? आणि नक्षली मारतात तेव्हा हेच लोक गप्प का असतात?

पुरावा आहे. २८ जून २०१२ च्या रात्री छत्तीसगडमधल्या सारकेगुड्यात १७ जण मारले गेले, त्यांत अल्पवयीन मुलं होती. बीजपंडुमच्या, म्हणजे पेरणीच्या सणाच्या तयारीसाठी गाव जमलं होतं. निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या आयोगाने २०१९ मध्ये अहवाल दिला की मेलेले माओवादी असल्याचं सिद्ध होत नाही. सात वर्षं त्या आया पोरांना नक्षली म्हणवून घेत जगल्या.

दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाबद्दल: गप्प राहणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही. गडचिरोलीत पोलिसांचा खबऱ्या म्हणून शेकडो माणसं मारली गेली. रात्री घरातून बोलावून नेतात, जन अदालत म्हणतात, सकाळी रस्त्यावर प्रेत आणि त्यावर लाल शाईचं पत्रक. मारलेला बहुतेक वेळा आदिवासीच. गोटूलमध्ये, म्हणजे गावातल्या तरुणांच्या जमण्याच्या घरात, ज्याच्याबरोबर नाचला त्याचाच भाऊ त्याची ओळख पटवून देतो. ज्यांना सारकेगुडा आठवतं आणि हे आठवत नाही, त्यांच्याशी माझं जमत नाही. याच्या उलट असलेल्यांशीही नाही.

१४. चर्चा करायची तर नेमकी कोणाशी?

माझं या सगळ्यातलं मुख्य म्हणणं इथे आहे. आपण 'चर्चा' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे जंगलातला कमांडर आणि मंत्री येतात. पण एक चर्चा अशी आहे जिला शस्त्रबंदी लागत नाही, मध्यस्थ लागत नाही आणि जी करणं कायद्याने सरकारवर बंधनकारक आहे. ती ग्रामसभेशी. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा हे तिचे नियम.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा आणि गावकरी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवत, एकमत झाल्याशिवाय निर्णय घेत नसत. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांत. तरी बांबू विकू देईनात, कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक जंगल खात्याकडे. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा लिलाव स्वतः करू लागल्या, कोरची तालुक्यात तर त्यांची महाग्रामसभा झाली.

आता प्रश्न २ शी हे जोडून बघा. ठेकेदाराला दम देऊन भाव वाढवायला जे आले होते, त्यांचं ते काम गावाने सनदशीर मार्गाने, वहीत जमाखर्च लिहून केलं. दलमला हे आवडलं नाही, काही ठिकाणी त्यांनी ग्रामसभांकडेही पैसे मागितले. याच कारणासाठी मला ही चर्चा सगळ्यांत प्रभावी वाटते.

१५. विनोबांच्या मार्गाने हा प्रश्न सुटला असता का?

त्यांनी प्रयत्न केला होता, तोही नेमक्या अशाच ठिकाणी. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा आणि निजामाच्या अंमलानंतर लष्कराची कारवाई, अशा दोन बंदुकांमध्ये विनोबा १९५१ मध्ये पायी गेले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत हरिजन वस्तीने ८० एकर मागितले, रामचंद्र रेड्डींनी १०० दिले, आणि भूदान सुरू झालं. १९७० मध्ये जयप्रकाश नारायण नक्षल्यांच्या धमक्यांची बातमी ऐकून बिहारमधल्या मुसहरीत जाऊन राहिले. दान मिळालेली बरीच जमीन पडीक निघाली, बरीच कागदावरच राहिली. त्यामुळे 'सुटला असता' असं मी म्हणणार नाही. त्यांनी एक गोष्ट मात्र बरोबर ओळखली होती, की बोलणं जमिनीवर आलं पाहिजे.

१६. २०२५ मध्ये नक्षलवाद्यांनी शस्त्रबंदी मागितली आणि सरकारने नाकारली. हे योग्य झालं का?

या प्रश्नावर माझ्या घरातही दोन मतं आहेत.

मार्च २०२५ पासून 'अभय' या नावाने पत्रकं येत होती: मोहीम थांबवा, बोलूया. सप्टेंबरात तात्पुरतं शस्त्र खाली ठेवायची तयारी दाखवली. गृहमंत्री अमित शहा यांनी सांगितलं, शरण यायचं असेल तर शस्त्रबंदीची गरज नाही, हत्यार ठेवा, एकही गोळी चालणार नाही. तेलंगणच्या माओवादी समितीने ही पत्रकं अभयचं वैयक्तिक मत म्हणून झटकली. 'अभय' म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती ऊर्फ सोनू. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढे शस्त्र ठेवलं. त्याची बायको तारक्का १ जानेवारीलाच शरण आली होती. थोरला भाऊ किशनजी २०११ मध्ये बंगालमध्ये मारला गेला होता. पक्षातल्या उरलेल्यांनी सोनूला गद्दार म्हटलं.

सरकारच्या बाजूने: २००४ मध्ये शस्त्रबंदीचा उपयोग त्यांनी जमवाजमवीसाठी केला असं पोलिसांचं ठाम मत आहे, आणि ज्याचं त्याचाच पक्ष ऐकत नाही त्याच्याशी करार कसला? दुसऱ्या बाजूने: हरत आलेल्या शत्रूला शरण येण्याआधी आठ-पंधरा दिवसांची उसंत दिली असती तर काही पोरी-पोरं जिवंत बाहेर आली असती. दलममधल्या शेवटच्या फळीत बहुतेक बस्तरच्या खेड्यातली विशी-पंचविशीची मुलं होती, नेते वेगळे. मला मुदतबंद उसंत द्यायला हवी होती असं वाटतं. सरकारचं म्हणणं बिनबुडाचं होतं असं मात्र मी म्हणत नाही.

१७. खाण आली, रस्ता आला, की नक्षलवाद आपोआप संपतो ना?

रस्ता आणि खाण एका दमात बोलू नका. रस्ता गावाला हवा असतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, तिथल्या माणसाला पुलाचं महत्त्व कोणी सांगायला नको. खाणीबद्दल गावाला विचारावं लागतं. सूरजागडच्या लोहखनिजावरून वर्षानुवर्षं वाद आहे. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथे डझनावारी ट्रक जाळले. त्यामुळे झालं असं की खाणीला साधा प्रश्न विचारणारा गावकरीही नक्षल्यांचा माणूस ठरू लागला. त्यांच्या बंदुकीने गावाचा आवाज असा दाबला.

ओडिशातल्या नियमगिरीचा दाखला बघा. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. १२ गावांनी न्यायाधीशांसमोर बसून बॉक्साइट खाणीला नकार दिला आणि खाण थांबली. कोणी ट्रक जाळला नाही.

१८. मुलीला वादस्पर्धेत 'बळ हाच उपाय' ही बाजू आली आहे. काय सांगू?

तिला सांगा, प्रश्न ५ चे आकडे आणि प्रश्न ७ मधला विलीनीकरणाचा मुद्दा घे, प्रतिस्पर्ध्याला त्याचं उत्तर देणं जड जाईल. तिची कमकुवत जागा सारकेगुडा आहे, ती स्वतःहून मान्य करावी. चर्चेची बाजू आली असती तर मिझोराम आणि मेंढा पुरेसे होते, आणि तिथे अवघड जागा नरसी रेड्डींचा खून.

१९. शांतता आली की गावातली पोलीस मदत केंद्रं उठवावीत का?

लगेच नाही, आणि कारण संरक्षणापुरतं नाही. आज दुर्गम भागात जातीचा दाखला, आधार, एखाद्या योजनेचा अर्ज हे काम पोलीस करतात. 'दादालोरा खिडकी' नावाने गडचिरोली पोलिसांनी ते चालवलं आहे. माडियात दादालोरा म्हणजे भाऊ. कामाचं मी कौतुक करते. पण दाखला देणं हे महसूल खात्याचं काम आहे. ज्या माणसाच्या खांद्याला बंदूक आहे त्याच्याकडे अर्ज करताना बाई खालच्या आवाजात बोलते, हे मी पाहिलं आहे. म्हणून आधी तलाठी, ग्रामसेवक आणि नर्स त्या गावात मुक्कामाला आणाव्यात, वनहक्काचे पडून असलेले दावे निकाली काढावेत, आणि मग ग्रामसभेला विचारून केंद्राचं ठरवावं. काही गावं 'राहू द्या' म्हणतील. तेही वहीत लिहून घ्यावं.